चिठ्ठ्यांचा डबा

पारनेर तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही बाया बोलतोय. एरवी आम्ही इथून कर्ज, हप्ता, विमा यावर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. तुम्ही आम्हाला उलट कसं बोलायचं, आणि तुम्ही बोललात की आम्ही काय करायचं, याबद्दल आज सांगायचं आहे.

उलट बोलणं हा शब्द आपल्या घरात चांगला नाही. उलट बोलणारी सून म्हटलं की पुढचं सगळं आलंच. पण रेडिओचं काय होतं बघा. बोलणारी बोलून मोकळी होते आणि ऐकणारी मनातल्या मनात काहीतरी म्हणते, ते तिथंच राहतं. आम्ही जवळजवळ वर्षभर असंच बोललो. कुणी तक्रार केली नाही, तेव्हा आम्हाला वाटलं की सगळ्यांना सगळं कळतंय.

मग कान्हूर पठारच्या बाजूला एका गटाच्या मिटिंगला गेलो होतो. तिथं एका आजीनं विचारलं, "ते तुमचं बोलणं रेडिओवर असतं ना, ते संपल्यावर आम्ही काय करायचं?" आम्ही म्हटलं, काय करायचं म्हणजे? ती म्हणाली, "मला त्यातलं एक इचारायचं होतं. पर रेडिओला कुठं इचारतात!"

तिचा प्रश्न असा होता. आम्ही एका भाषणात सांगितलं होतं की गटाचं अंतर्गत कर्ज दोन टक्क्यांनी मिळतं आणि बँकेचं बारा टक्क्यांनी. आजीनं सरळ हिशेब केला होता की बँक सहापट महाग आहे, आणि बँकेचं कर्ज घ्यायचं नाही असं सुनेला बजावून ठेवलं होतं. चूक आजीची नव्हती. आमचे दोन टक्के महिन्याचे होते आणि बँकेचे बारा वर्षाचे, आणि हे सांगायचं आम्ही विसरलो. दहा हजार घेतले तर गटाकडं पहिल्या महिन्याला दोनशे रुपये व्याज होतं आणि बँकेकडं शंभर. आता गटाचं व्याज गटातच राहतं, आपल्याच निधीत पडतं, म्हणून त्याचा हिशेब वेगळा धरायचा हे खरं. पण महाग काय आणि स्वस्त काय, हे आजीच्या घरात आमच्यामुळं उलटं झालं होतं. हे भाषण किती घरांत गेलं होतं आणि किती जणींनी तसाच हिशेब केला असेल, या विचारानं त्या दिवशी परत येताना गाडीत आमच्यापैकी कुणीच फार बोललं नाही.

तेव्हा ठरवलं की ऐकणाऱ्यांना बोलायची वाट काढायची.

हे काही आपणच पहिल्यांदा करतोय असं नाही. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून आपल्याच भागात एक मोठा प्रयोग केला होता. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं त्यात घेतली होती. म्हणजे आपला नगर जिल्हा त्यात होता. गावात श्रोत्यांचं मंडळ करायचं. आठवड्यातून दोनदा रेडिओवर शेतीचा, गावाचा कार्यक्रम लागायचा आणि मंडळी एकत्र बसून ऐकायची. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करायची. काय ठरलं, काय पटलं नाही, काय विचारायचं आहे ते लिहून केंद्राकडं पाठवायचं, आणि त्यातल्या प्रश्नांची उत्तरं पुढं रेडिओवरून यायची. दहा आठवडे हे चाललं. नंतर टाटा समाजविज्ञान संस्थेकडून तपासणी झाली. ज्या गावात नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हतं, तिथं लोकांच्या माहितीत फारशी भर पडली नव्हती. मंडळं होती तिथं ती चांगलीच वाढली. रेडिओ तोच, कार्यक्रमही तोच होता. फरक ऐकल्यानंतर बोलण्याचा होता.

सामुदायिक रेडिओच्या सरकारी धोरणातही हेच धरलेलं आहे. निदान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. साताऱ्याकडं म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते, तिथं गावातल्याच बाया बोलतात.

तर आम्ही काय केलं? तीन गोष्टी केल्या. गटाच्या मिटिंगला एक डबा ठेवला, बिस्किटाचा पत्र्याचा, झाकणाला चीर पाडून. एक मोबाइल नंबर घेतला, मिस्ड कॉल दिला की आम्ही उलट फोन करणार. आणि त्याच नंबरवर व्हॉट्सॲपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, म्हणजे लिहिता न येणारीलाही बोलता येईल. ही तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात भारी वाटली होती. तिचं पुढं सांगतो.

पहिल्या आठवड्यात डब्यात दोन चिठ्ठ्या आणि एसटीचं एक तिकीट निघालं. एका चिठ्ठीत कुठल्याशा पोरानं गाणं लावा म्हणून लिहिलं होतं. दुसरीत होतं, "आवाज येत नाही." आम्ही हिरमुसलो. पण ती दुसरी चिठ्ठीच कामाची निघाली. चौकशी केली तर कळलं की बऱ्याच बाया रानात मोबाइलवरचा रेडिओ लावतात आणि त्याला इयरफोन जोडत नाहीत. मोबाइलमध्ये ती वायरच एरियलचं काम करते. वायर नाही तर रेडिओ नाही. आम्ही पुढच्या कार्यक्रमात पहिलं तेच सांगितलं. कुणीतरी म्हणालं की ज्यांना ऐकू येत नाही त्यांना हे ऐकू कसं जाणार, आणि ते बरोबरच होतं. मग सीआरपी ताईंनी मिटिंगा मिटिंगांत वायर जोडून दाखवली.

मग वेळेवरून चिठ्ठ्या आल्या. सकाळी अकराला कांद्याच्या खुरपणीत कोण ऐकणार? रात्री साडेआठला ठेवावा म्हटलं तर मालिका. शेवटी दुपारी दीडला, बांधावर भाकरी सोडल्यावर, असं ठरलं. ही वेळ आम्हाला ऑफिसात बसून कधीच सुचली नसती.

टँकरच्या, दिव्याच्या, रस्त्याच्या तक्रारीही डब्यात पडायला लागल्या. त्यांचं उत्तर आमच्याकडं नाही. पण ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची हे कायद्यातच आहे. तिथं ठराव लिहून घ्या, प्रोसिडिंगला नोंद झाली का ते बघा, असं आम्ही सांगतो. एका पुरुषाचाही निरोप आला होता. बायांना रेडिओवर बोलायचं काम काय, असा. शिव्या होत्या म्हणून लावला नाही. पण कार्यक्रम किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो हे त्याला मिनिटावर पाठ होतं, म्हणजे रोज ऐकत असणार.

आता त्या तिसऱ्या गोष्टीचं सांगतो. ते सांगायला जड जातंय, पण त्याच्यासाठीच आजचं भाषण घेतलं आहे.

एका ताईनं व्हॉट्सॲपला आवाज पाठवला. शेळ्यांसाठी तिनं गटातून कर्ज काढलं होतं. पैसे नवऱ्यानं दुसरीकडं घातले आणि हप्ता ती शेतमजुरी करून भरत होती. गटात सांगितलं तर लाज, न सांगितलं तर हप्ता थकतो, मी काय करू, असं ती विचारत होती. दीड मिनिटाचा निरोप होता. आम्हाला वाटलं, हे शंभर घरांतलं आहे, सगळ्यांनी ऐकावं. तिला फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "नाव घेऊ नका." आम्ही नाव घेतलं नाही, गावही नाही. तिचा आवाज मात्र तसाच लावला.

आवाज गावानं लगेच ओळखला. एका वाडीत चाळीस उंबरे असतात, कुणाचा आवाज कुणाला ओळखू येत नाही? दुसरं असं की मोबाइल घरातला होता, नवऱ्याच्या खिशात राहणारा, आणि पाठवलेला निरोप त्यात तसाच पडून होता. आमच्या एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. त्या रात्री तिच्या घरात जे झालं ते आम्ही इथं सांगणार नाही. ती दोन महिने मिटिंगला आली नाही. बचत सासूच्या हातून पाठवायची.

ताराबाई शिंदे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बुलढाण्याच्या. सुरतेच्या एका तरुण विधवेला, विजयालक्ष्मीला, १८८१ साली आपल्या बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, आणि त्यावरून पुणे वैभव नावाच्या पत्रात बायकांच्या वागणुकीवर टीका छापून आली. ते वाचून ताराबाईंनी उत्तर लिहिलं. तेच १८८२ सालचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक. म्हणजे आपल्याकडचं एवढं मोठं पुस्तक हे मुळात एका बाईनं छापील मजकुराला उलट बोलणं होतं. त्यावर त्यांची फार टिंगल झाली. जोतिराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं त्यानंतरचं पुस्तक आपल्याला मिळत नाही, आणि हे एक पुस्तकसुद्धा लोक विसरून गेले होते, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. आमच्या एका बैठकीत हे वाचलं तेव्हा एक ताई म्हणाली, तिला बोलायला जागा होती, पण बोलल्यावर तिच्या मागं उभं राहायला किती जण होते? आम्ही त्या दीड मिनिटाच्या निरोपाबद्दलच विचार करत होतो.

तेव्हापासून डबा आणि नंबर चालू ठेवला, पण रीत बदलली. कुणाचाही आवाज आता आम्ही तसाच लावत नाही. दुसरी ताई तो मजकूर आपल्या शब्दांत सांगते, आणि ओळख पटेल अशी खूण, म्हणजे शेळ्या, पोरांची संख्या, वाडीचं नाव, बदलते किंवा गाळते. लावायच्या आधी जिचं आहे तिला ते पूर्ण वाचून दाखवतो, एकदा लगेच आणि एकदा चार दिवसांनी. रागाच्या भरात हो म्हटलेलं चार दिवसांनी नाही होतं, हे आपल्याला माहीत आहेच. निरोप पाठवला की आपल्या मोबाइलमधून पुसून टाका, हे प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. उलट फोन केला आणि घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला, तर आम्ही बचतीची मिटिंग कधी आहे एवढंच विचारतो. आमचा नंबर दोघींकडं असतो, आणि तो मोबाइल घरी नेत नाहीत, ऑफिसच्या कपाटात राहतो.

अध्यक्ष, सचिवांच्या विरुद्धच्या चिठ्ठ्या येतात. कर्ज जावेलाच दिलं, वही दाखवत नाही, अशा. त्या रेडिओवर वाचत नाही, पण फाडतही नाही. दोघींना समोर बसवून वही उघडतो. तीनदा असं केलं. दोनदा तक्रार खरी निघाली, एकदा नुसता गैरसमज होता. यावरून एक अध्यक्ष ताई आमच्यावर अजून रुसलेल्या आहेत.

यामुळं कार्यक्रम थोडा कोरडा झाला हे खरं आहे. खऱ्या आवाजात जे असतं ते सांगण्यात येत नाही. काही जणी म्हणतात, पहिल्यासारखं लावा. आम्ही नाही म्हणतो. चिठ्ठीला उत्तर मात्र पुढच्याच कार्यक्रमात द्यायचं, माहीत नसेल तर विचारून पुढच्या आठवड्यात सांगतो असं तरी म्हणायचं, हे पाळतो. दोनदा पाळलं नाही, तेव्हा त्या गावाचा डबा महिनाभर रिकामा आला.

शेळ्यांचं कर्ज घेतलेली ती ताई आता मिटिंगला येते. गटानं तिचा हप्ता लांबवून दिला आहे. आज तिच्याबद्दल जे बोललो ते आम्ही मागच्या आठवड्यात तिच्यासमोर बसून वाचलं, आणि परवा पुन्हा वाचलं. तिनं दोन ठिकाणी बदलायला लावलं आणि एक वाक्य काढायला लावलं. ते काढलं आहे.