घराण्यातली शुगर



मधुमेह निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली. माणूस अंगाने भरलेला असेल तर ‘तोंडावर ताबा नव्हता’. सडपातळ असेल तर ‘घराण्यातच शुगर आहे, त्याला कोण काय करणार?’ आज मला या दुसऱ्या वाक्याची झडती घ्यायची आहे, कारण ते अर्धं खरं आहे.

२००७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एफटीओ या जनुकाच्या एका प्रकाराचा लठ्ठपणाशी संबंध दाखवला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. दोन्ही प्रती जोखमीच्या असलेले युरोपीय लोक, एकही नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने जड निघाले. फक्त ३ किलो! त्यांच्यात या जनुकाचा मधुमेहाशी संबंध वजनामार्फतच होता. वजनाचा हिशेब बाजूला काढला की तो उरत नसे.

मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक आणि त्यांचे सहकारी यांनी तोच प्रकार आपल्या माणसांत तपासला. पुण्याचे १४५० च्या आसपास मधुमेही, १३६० च्या आसपास मधुमेह नसलेले, शिवाय म्हैसूरचा एक गट. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. वजनाशी संबंध युरोपपेक्षा फिका होता. मधुमेहाशी मात्र तो ठळक होता, आणि वजनाचा हिशेब बाजूला काढल्यावरही बराचसा टिकला. म्हणजे तेच जनुक आपल्या देहात काटा फारसा न हलवताही नुकसान करत असावं. टीसीएफ७एल२ या दुसऱ्या जनुकाची गोष्ट साधी आहे. ते इन्सुलिन स्रवण्याशी निगडित आहे आणि इथे-तिथे सारखंच वागतं.

काटा फसवतो हे याज्ञिकांनी स्वतःवरच दाखवलं होतं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपला आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! संशोधकाने आपलंच पोट असं चव्हाट्यावर मांडावं, याला मी तरी दाद देतो.

ही चरबी येते कुठून? १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळं स्नायूंनी आणि पोटाच्या अवयवांनी लहान होती, पण कातडीखालची चरबी जवळजवळ राखून होती. ही घडण जन्माआधीचीच. आणि तिला एकटं जनुक जबाबदार नाही. त्या मातांपैकी निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. तेव्हा घराण्यातून येतं ते सगळं रक्तातूनच येतं असं नाही. काही आईच्या ताटातूनही येतं.

आता आपल्या महाड-पोलादपूरकडे या. पोलादपूरच्या वाड्यांतल्या माणसांनी वरकस उतारावर नाचणी-वरी पिकवली, भाताचे भारे डोक्यावर वाहिले, बाजाराला डोंगर उतरून आले आणि पुन्हा चढून गेले. जनुकं तेव्हाही हीच होती. पुढे माणूस चाकरमानी होऊन मुंबईला गेला, वाडीत रस्ता आला, दारात बाइक उभी राहिली. पावलं कमी झाली. २०११ मध्ये दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा हालचाल करणाऱ्यांत एफटीओमुळे लठ्ठ होण्याची जोखीम साधारण २७ टक्क्यांनी सौम्य आढळली. जनुक तेच, पण चालणाऱ्या देहात त्याचा जोर कमी.

म्हणून लाळेचा नमुना कुरिअरने पाठवून जनुकं वाचून घ्यायच्या टूमला माझा विरोध आहे. तो अहवाल तुमच्या रोजच्या उपचारात फारसा फरक करणार नाही. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरवर, बाईची ८० वर गेली की जागं व्हायचं. मग रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, आणि चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषात ४० च्या, बाईत ५० च्या खाली. या पाचांतली तीन जुळली की चयापचयाचा बिघाड, ज्याला डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. मधुमेह्याच्या खात्यात साखरेचं एक कलम आधीच जमा असतं, हे विसरू नका. साध्या साधनांना आपण महाडकरांनी तरी हसू नये. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णाशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब पाहता पाहता उपचाराची दिशा शोधली, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध जीव वाचवू लागलं.

पुण्याच्या त्या सहा गावांतली कथा अजून चालू आहे. १९९३ नंतर जन्मलेली ती बाळं वाढून तरुण झाली, तेव्हा २०१२ पासून त्यांच्यातल्या मुलींना आणि मुलग्यांनाही, लग्नाआधीच, बी-१२ च्या गोळ्या देण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलग्यांनाही का, असं बायका विचारतात, पुरुष सहसा विचारत नाहीत. बाळाच्या घडणीत बापाचाही वाटा असतो, म्हणून. त्यांच्या पोटी जन्मलेल्या तिसऱ्या पिढीच्या बाळांची मोजमापं आता तिथे घेतली गेली आहेत.