जुन्या मोटरसायकलीचे चाक आणि वाटेचा हिशेब

जुन्या मोटरसायकलीवरून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या माणसाला वाट शोधणे आणि चाक बसवणे ही दोन निराळी कामे वाटतात. पहिले नकाशाचे आणि दुसरे गॅरेजचे. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे पुढच्या चाकाच्या मध्यभागी एकमेकांना भेटतात, कारण बहुतेक जुन्या भारतीय मोटरसायकलींत त्याच चाकाच्या फेऱ्या मोजून मीटर किती अंतर कापले ते सांगतो, आणि चाक बदलले की त्या मीटरच्या लेखी किलोमीटरची लांबीही बदलते. तारांच्या चाकाचा विचार वाटेच्या विचारापासून तोडून केला, तर प्रवासात फाटा चुकण्याची सोय आपोआप झालेली असते.

नवी मुंबईतील सानपाडा हे या विषयासाठी आरंभस्थान म्हणून सोयीचे आहे. शीव-पनवेल महामार्ग आणि पाम बीच मार्ग यांना लागून असलेल्या या वस्तीतून कोकण आणि घाटमाथा या दोन्ही दिशांना निघता येते. मात्र मोटारीला मोकळे असलेले दोन मोठे रस्ते दुचाकीला बंद आहेत. कळंबोलीपासून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्‌घाटन झालेल्या अटल सेतूवरही तीच मनाई लागू आहे. फोनमधील नकाशा मोटारीच्या खुणेवर राहिला, तर तो मोटरसायकलस्वाराला बिनदिक्कत द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी नेऊन उभे करतो. गूगलच्या नकाशात दुचाकीसाठी वेगळी खूण डिसेंबर २०१७ मध्ये आली आणि ती प्रथम भारतात आली, यात नवल वाटण्यासारखे काही नाही; दुचाकींची एवढी गर्दी असलेल्या देशात ती इतक्या उशिरा आली, याचेच नवल वाटावे.

पनवेल ओलांडल्यावर येणारा पळस्पे फाटा हा या प्रवासातील खरा निर्णयाचा बिंदू होय. येथून जुना पुणे रस्ता चौक, खालापूर, खोपोली अशा क्रमाने बोरघाटाकडे जातो आणि गोवा रस्ता पेण, वडखळ, नागोठणे असा दक्षिणेकडे वळतो. बोरघाटात शिंगरोबाचे मंदिर आहे, आणि इंग्रज इंजिनिअरांना घाटातली वाट सापडेना तेव्हा ती दाखवणारा धनगर म्हणजे हा शिंगरोबा, असे लोककथा सांगते. वाटाड्याचे देऊळ झालेली अशी जागा दुसरीकडे क्वचितच आढळेल. पळस्प्याच्या दोन्ही रस्त्यांना पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ आणि १७ म्हणत, तर २०१० साली झालेल्या फेररचनेनंतर त्यांचे क्रमांक अनुक्रमे ४८ आणि ६६ झाले. या नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम क्रमांक मिळाले व ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत गेले, आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक मिळून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत गेले. म्हणून पश्चिम किनाऱ्यालगतच्या रस्त्याला ६६ हा मोठा सम क्रमांक का, हे नकाशा न उघडताही समजते. तरीही लोकांच्या तोंडी ‘सतरा नंबर’ अजून आहे, आणि रस्त्याकडेला वाट विचारणाऱ्याला दोन्ही क्रमांक ठाऊक असलेले बरे.

क्रमांकांपेक्षा अधिक गोंधळ गावांच्या नावांनी होतो. गोवा रस्त्यावर रायगड जिल्ह्यात इंदापूर आहे आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यात खेड आहे. पुणे जिल्ह्यातही एक इंदापूर आहे आणि राजगुरुनगर या नावाने ओळखले जाणारे एक खेडही आहे. जिल्ह्याचे नाव न घालता ‘खेड’ एवढेच टंकले, तर यंत्राने निवडलेले खेड कशेडी घाटापलीकडचे असेल की भीमेच्या काठचे, याची खात्री देता येत नाही. अशा वेळी जुनी पद्धत कामाला येते: निघण्यापूर्वी कागदाच्या पट्टीवर प्रत्येक फाट्याचे नाव, वळणाची दिशा आणि आरंभापासूनचे अंतर लिहावे, ती पट्टी पेट्रोलच्या टाकीवरील पिशवीच्या पारदर्शक खिशात ठेवावी, आणि मीटरवरील आकडा पाहत पुढच्या वळणाची वाट पाहावी. मोटर-रॅलीत भाग घेणाऱ्यांच्या परिभाषेत अशा टिपणाला रोड बुक म्हणतात. त्याचा सारा भरवसा मात्र मीटर खरे बोलतो की नाही, यावर असतो.

मीटरचे काम साधे आहे. पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसवलेली छोटी दंतचक्री चाकाबरोबर फिरते, तिची गती लवचीक केबलने हँडलवरील मीटरपर्यंत पोचते, आणि ठरावीक फेऱ्या झाल्या की एक किलोमीटर नोंदवला जातो. ही युक्ती मोटरसायकलीपेक्षा बरीच जुनी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात रस्त्यांची मोजणी करणारे सर्वेक्षक पेरॅम्ब्युलेटर नावाचे दांडीचे मोजचाक हाताने ढकलत चालत आणि त्याच्या फेऱ्यांवरून दोन गावांमधील अंतर नोंदवत. नकाशा ज्या चाकाने घडला, त्याच जातीच्या चाकाने तो पुढे वाचलाही गेला.

आता त्या चाकाची रचना पाहू. वाचकांनी प्रथम बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणावे: मधला लाकडी तुंबा, त्यात रोवलेले जाड आरे, आणि बाहेरून चढवलेली लोखंडी धाव. त्या चाकात गाडीचा भार तुंब्याखालच्या आऱ्यांवर खांबासारखा उभा राहतो. तारांच्या चाकात हे शक्यच नाही, कारण जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची तार दाबाखाली वाकून जाते. म्हणून येथे सर्व तारा आधीच ताणून ठेवलेल्या असतात. मोटरसायकलीचा भार आला की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, पण पुरता नाहीसा होत नाही, आणि या उरलेल्या ताणामुळे चाक उभे राहते. भार वरच्या तारांना टांगलेला असतो असे पुष्कळदा सांगितले जाते, ते समजायला सोपे असले तरी नेमके नाही.

तारा तुंब्यातून, म्हणजे हबमधून, सरळ त्रिज्येच्या दिशेने न निघता तिरप्या निघतात, यालाही कारण आहे. साखळी मागचा हब फिरवू पाहते तेव्हा सरळ तारांना रिम ओढून नेता येत नाही, तर तिरप्या तारा तिला दोरीसारख्या ओढतात. ब्रेक लागला की उलट दिशेने झुकलेल्या तारा तेच काम करतात. म्हणून निम्म्या तारा पुढे आणि निम्म्या मागे झुकवून एकमेकींवरून नेल्या जातात. ही स्पर्शरेषेच्या दिशेची मांडणी इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली याने १८७४ साली सायकलीसाठी पेटंट केली. बुलेटच्या चाकात अशा ४० तारा असतात, हबच्या प्रत्येक बाजूस २०; यामाहा आरएक्स १०० च्या चाकात त्या ३६ असतात. तारेचे एक टोक वाकडे असून हबच्या भोकात अडकते आणि दुसऱ्या आटे पाडलेल्या टोकावर रिमच्या बाजूने निपल, म्हणजे छोटी लांबट नळीदार चाकी, फिरवून ताण दिला जातो.

चाक विणणे याहून अवघड काम म्हणजे त्याचा आउट काढणे. आउट म्हणजे फिरताना रिम डावी-उजवीकडे हलणे. याशिवाय ती वर-खालीही होते, आणि हे दोन्ही दोष साधारणपणे दोन मिलिमीटरच्या आत आणावे लागतात. एका बाजूची तार कसली की रिम तिकडे ओढली जाते आणि थोडी आतही येते, त्यामुळे एक दोष काढताना दुसरा उद्भवतो, आणि कारागीर अर्ध्या-पाव फेऱ्यांनी चाकाभोवती पुन्हा पुन्हा फिरत राहतो. जाणता कारागीर शेवटी पान्याने तारा टिचकावून ऐकतो. सारख्या ताणाच्या तारा सारख्या वाजतात आणि सैल तार बद्द बोलते. निपलबाहेर आलेले तारेचे टोक घासून सपाट करणे आणि त्यावर रबरी पट्टी चढवणे विसरले, तर नवे चाक पहिल्याच खड्ड्यात आतून ट्यूब फोडते.

कास्ट अलॉयची, म्हणजे एकसंध ओतीव चाके असलेल्या मोटरसायकलीला तारांची चाके बसवायची असतील, तर अडचण रिमची नसून हबची असते. ओतीव चाकात हब आणि रिम हे एकच अंग असल्यामुळे तारांसाठी वेगळा हब आणावा लागतो, आणि त्यात बेअरिंग, धुरीची जाडी, ब्रेकचा ड्रम किंवा डिस्कची जागा, मागच्या दंतचक्राची रेषा आणि मीटरच्या दंतचक्रीची खाच, हे सर्व जुळावे लागते. एकाच मॉडेलच्या तारांच्या आणि ओतीव अशा दोन्ही आवृत्त्या कारखान्याने काढल्या असतील, तर तारांच्या आवृत्तीचा हब घेणे सर्वांत शहाणपणाचे, आणि कायद्याच्या दृष्टीनेही निर्धोक. कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मज्जाव केला आहे. साध्या तारांच्या रिमला निपलची भोके असल्याने हवा धरत नाही, म्हणून ट्यूब पुन्हा येते आणि तिच्याबरोबर पंक्चरचा जुना उपद्व्यापही येतो. खाडीच्या खाऱ्या हवेत क्रोमच्या रिमला याच भोकांभोवती प्रथम गंज चढतो. तेथे स्टेनलेस स्टीलच्या तारा महाग वाटल्या तरी टिकतात. दिखाऊपणासाठीच तारा लावायच्या असतील, तर त्या न लावलेल्या बऱ्या. खड्ड्यात रिम वाकल्यावर ती वाटेतल्या साध्या दुकानातही सरळ करता येते, हा मात्र त्यांचा खरा गुण आहे.

असे चाक बदलताना त्याचा आकारही बदलला, तर मीटरचे काय होते, ते आकड्यांत पाहणे उद्‌बोधक आहे. जुन्या बुलेटच्या पुढच्या चाकाला १९ इंची रिम आणि ३.२५ इंची टायर असतो. त्याचा व्यास ढोबळमानाने साडेपंचवीस इंच, परिघ २.०३५ मीटर, आणि एका किलोमीटरला फेऱ्या सुमारे ४९१. त्याच जाडीच्या टायरसह १८ इंची चाक बसवले, तर परिघ १.९५५ मीटरवर येतो आणि फेऱ्या ५१२ च्या घरात जातात. मीटरला यातले काही कळत नाही. तो फेऱ्याच मोजतो आणि सुमारे ४ टक्के जास्त अंतर दाखवतो. टायर पाच मिलिमीटर झिजला तरी दीड टक्क्याचा फरक पडतो.

उपग्रहांवरून मिळणारे अंतर या दोषापासून मुक्त असते, हे खरे आहे. फोनला स्थान कळण्यासाठी मोबाइलचे जाळेही लागत नाही, ते लागते नकाशाचे चित्र उतरवण्यासाठी. म्हणून घाटातील प्रवासाचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा. परंतु बोगद्यात उपग्रहांचा संदेश पोचत नाही, मुसळधार पावसात काचेचा पडदा बोटापेक्षा थेंबांचे अधिक ऐकतो, सहा व्होल्टच्या जुन्या विद्युत-रचनेवर फोन भारित करणे जिकिरीचे असते, आणि एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर निराळीच. शक्तिशाली मोटरसायकल इंजिनांच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातील सूक्ष्म यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ साली दिला होता. फोन खिशात आणि कागदाची पट्टी टाकीवर, ही वाटणी त्यामुळे अजून बाद झालेली नाही.

मीटर पारखण्यासाठी सानपाड्याच्या प्रवाशाला फार दूर जावे लागत नाही. पळस्पे ते रायगडमधील इंदापूर हा गोवा महामार्गाचा पहिला टप्पा ८४ किलोमीटरचा आहे. पळस्प्याला आकडा टिपून ठेवावा, वाटेत पिवळ्या माथ्याचे किलोमीटरचे दगड जेथे शाबूत असतील तेथे दहा-दहा दगडांमागे तो ताडून पाहावा, आणि इंदापुरात थांबावे. वर सांगितलेले १८ इंची चाक असेल, तर मीटर ८४ ऐवजी ८७.४ च्या आसपास अंतर दाखवील, आणि त्यावरून मिळालेला गुणक टाकीवरच्या पट्टीच्या माथ्यावर लिहून ठेवता येईल. नव्या तारा पहिल्या काही शे किलोमीटरांत आपापल्या जागी बसून सैलावतात. तेव्हा परतताना सानपाड्याला पोचल्यावर, हब थंड झाला की, त्या पुन्हा एकदा टिचकावून पाहाव्यात आणि बद्द बोलणारी तार पाव फेरी कसावी.