अमेरिकेतील मुक्कामाचा हिशेब
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस अमेरिकेच्या प्रवासाविषयी बोलावयास सांगितले, तेव्हा नायगाराचा धबधबा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि गगनचुंबी इमारती यांची वर्णने ऐकावयास मिळतील अशी आपणांपैकी अनेकांची अपेक्षा असेल. त्या वर्णनांचा आता तुटवडा राहिलेला नाही. आपल्या ज्ञातीतील असे कुटुंब विरळाच, की ज्याचा एखादा मुलगा, सून वा पुतणी त्या देशात नाही. आम्ही बोलणार आहोत ते त्याहून पुष्कळ साध्या गोष्टीविषयी, म्हणजे रात्री पाठ टेकण्याच्या जागेविषयी. विमानाचे भाडे महिनोन् महिने आधी घासाघीस करून ठरविणारी आपली माणसे हॉटेलाच्या बाबतीत मात्र एकतर डोळे मिटून पैसे देतात, नाहीतर हॉटेलाचे नावच काढीत नाहीत.

नाव न काढण्याचे कारण आम्ही जाणून आहोत. ‘अमुक गावात आपला माणूस असता हॉटेलात उतरावयाचे म्हणजे त्याचा अपमान करावयाचा,’ ही आपली पिढीजात समजूत. पुण्या-मुंबईच्या जुन्या वाड्यांतून ती शोभत होती. आलेला पाहुणा ओटीवर पथारी टाकी आणि घरच्या पंक्तीत पान वाढून घेई. परंतु न्यूयॉर्कमध्ये एका खोलीच्या घरात राहणारे आपले तरुण जोडपे, दोघेही सकाळी सातास कामावर निघणारे, त्यांच्या घरी गावाकडची चार माणसे आठ दिवस उतरली, तर त्यांनी काय करावे? ‘काका, तुम्ही हॉटेलात का उतरता? आमचे घर आहे ना!’ असे ते दूरध्वनीवर म्हणतील, आणि मनापासूनच म्हणतील. तरीही काकांनी खोली घ्यावी आणि संध्याकाळी जेवावयास जावे असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन वेळचे जेवण आनंदाने घातल्याने नाती टिकतात. आठ दिवस स्नानगृहासाठी रांग लावल्याने ती झिजतात. हे ज्यांस पटत नसेल त्यांनी आपल्या सुनेस एकांतात विचारून पाहावे.

आता भावाकडे वळू. हॉटेलाची खोली हा भाजीसारखा नाशिवंत माल आहे. आज रात्री ती रिकामी राहिली तर तिचे आजचे मोल कायमचे बुडाले. म्हणून भाव दररोज, कधीकधी दर तासाला बदलतो आणि तो खोलीच्या गुणावर नव्हे, तर त्या दिवशी त्या गावात किती माणसे आली आहेत यावर ठरतो. हे एक सूत्र मनात धरले म्हणजे पुढील बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात. शहराच्या मध्यभागातील पेढ्यांच्या आणि कचेऱ्यांच्या वस्तीतली हॉटेले सोमवार ते गुरुवार व्यापाऱ्यांनी भरतात, शनिवार-रविवारी ओस पडतात. तेव्हा तेथे त्या दोन दिवशी जावे. लास व्हेगासचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे. तेथे शुक्रवार-शनिवारी खोलीचा भाव आकाशास भिडतो आणि मंगळवारी तीच खोली निम्म्याहून कमी दरात मिळते. न्यूयॉर्क जानेवारी-फेब्रुवारीत स्वस्त असते, कारण थंडी असह्य असते. नाताळच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र त्या नगरीकडे फिरकू नये. वॉशिंग्टनमध्ये चेरीची झाडे फुलतात त्या मार्चअखेरच्या आणि एप्रिलारंभीच्या दिवसांत भाव चढतात, तर ऑगस्टमध्ये काँग्रेसची सुट्टी असल्याने उतरतात. शिकागोत मोठे व्यापारी प्रदर्शन भरले की सारे शहर महाग होते. तेव्हा जाण्याआधी प्रदर्शनांचे वेळापत्रक पाहावे.

बोस्टनविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण आपल्यापैकी पुष्कळजण तेथे एकदाच आणि तेही मुलाच्या पदवीदानासाठी जातात. मे महिन्याच्या उत्तरार्धात त्या लहानशा शहरातली अनेक विद्यापीठे जवळजवळ एकाच सुमारास समारंभ करतात. ज्याने मार्चमध्ये चौकशी आरंभिली त्यास मध्यवस्तीत परवडेल अशी खोली मिळणे दुरापास्त. मुलाने अभ्यासक्रमास प्रवेश घेतला की समारंभाची तारीख पाहून खोली राखून ठेवावी, आणि ती रद्द करता येईल अशाच अटीवर ठेवावी. बोस्टनच्या दक्षिणेस क्विन्सी आणि ब्रेनट्री येथे भुयारी रेल्वेची तांबडी मार्गिका जाते. तीच मार्गिका केंब्रिजला हार्वर्डच्या दारात नेऊन सोडते. वर्षभर पोटास चिमटा घेऊन मुलास शिकविणाऱ्या मातापित्यांनी त्या एका दिवशी टोपी-झग्यातला मुलगा पाहावयास मिळेल की नाही या विवंचनेत रात्र काढू नये, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

हाच न्याय इतर शहरांसही लागू पडतो. मध्यभाग सोडावा, रेल्वे सोडू नये. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनऐवजी नदीपलीकडचे लाँग आयलंड सिटी पाहावे, अथवा हडसनच्या पैलतीरावर न्यू जर्सी राज्यातले जर्सी सिटी. तेथून पाथ नावाची रेल्वे थोड्या मिनिटांत मॅनहॅटनमध्ये आणून सोडते, आणि त्याच गावातील नेवार्क ॲव्हेन्यूवर आपल्याकडची किराण्याची दुकाने व शाकाहारी खाणावळी ओळीने आहेत. शिकागोत रोझमाँट येथे विमानतळाजवळ उतरावे. निळ्या मार्गिकेची गाडी अहोरात्र चालते. वॉशिंग्टनसाठी पोटोमॅक नदी ओलांडून आर्लिंग्टन. लॉस एंजेलिसला मात्र ही युक्ती चालत नाही. त्या अफाट पसरलेल्या गावाला एक मध्य असा नाहीच, आणि मोटारीवाचून तेथे पाहुणा पांगळा.

मोटार घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. मोठ्या शहराच्या मध्यभागी हॉटेलात मोटार उभी करण्याचे रात्रीचे भाडे पन्नास डॉलरांच्याही वर जाते. उपनगरात ते बहुधा नसते. म्हणजे नव्वद डॉलरांची उपनगरातली खोली आणि शंभर डॉलरांची शहरातली खोली यांत दहाचा फरक दिसतो, तो प्रत्यक्षात साठाचा असतो.

जाहिरातीत दिसणारा भाव आणि हाती पडणारे बिल यांत अंतर असते, हे तेथील व्यवहाराचे दुखणे आहे. न्यूयॉर्क शहरात खोलीवरील सर्व कर मिळून १४.७५ टक्के होतात आणि त्यावर प्रत्येक रात्रीस साडेतीन डॉलर निराळे. दोनशे डॉलरांची खोली अशी २३३ डॉलरांस पडते. याखेरीज ‘रिसॉर्ट फी’ अथवा ‘डेस्टिनेशन फी’ या गोंडस नावाखाली काही हॉटेले रात्रीमागे वीस-तीस-चाळीस डॉलर सक्तीने घेत आणि ते शेवटच्या क्षणापर्यंत दडवून ठेवीत. १२ मे २०२५ पासून तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने असा सक्तीचा आकार पहिल्याच भावात मिळवून दाखविणे भाग पडले. आकार नाहीसा झाला नाही, केवळ उजेडात आला. पण ग्राहकास तुलना करता येऊ लागली हेही थोडे नव्हे. सरकारी कर मात्र अजूनही वेगळे दाखविण्याची मुभा आहे.

भाव वाजवी आहे की नाही हे परक्यास कसे कळावे? एक उत्तम माप सर्वांस खुले आहे आणि आपले लोक ते वापरीत नाहीत. अमेरिकन सरकार आपल्या नोकरांस फिरतीवर असताना राहण्यासाठी किती रक्कम मिळेल, याचे कोष्टक शहरवार आणि महिनावार प्रसिद्ध करते. ते दर ऑक्टोबरला नवे निघते. त्या कोष्टकातील आकड्याच्या बऱ्याच खाली भाव मिळाला तर समाधान मानावे, बराच वर असेल तर गावात काही गर्दी आहे असे समजून तारीख बदलता येते का ते पाहावे.

काही संकेतस्थळे हॉटेलाचे नाव न सांगता केवळ वस्ती, तारे आणि भाव सांगून खोली विकतात. प्राइसलाइन या कंपनीने तर १९९८ साली ग्राहकानेच आपला भाव बोलावा आणि हॉटेलाने तो मान्य करावा अशी पद्धत आणली होती. ती पुढे बंद पडली, पण नाव झाकून विकण्याची रीत चालू आहे. हॉटेलास आपला भाव पडला हे जगास दाखवावयाचे नसते आणि खोली तर रिकामी ठेवावयाची नसते, म्हणून हा बुरखा. तरुणांस तो लाभदायक आहे. कुटुंबास आम्ही त्याची शिफारस करीत नाही, कारण दिलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि दोन पलंग मिळतील की एक याची शाश्वती नसते. आजी-आजोबा आणि दोन नातवंडे एका पलंगावर कशी मावणार?

मोटेल या शब्दाची आपल्याकडे उगाच अप्रतिष्ठा झाली आहे. कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो येथे १९२५ मध्ये मोटार आणि हॉटेल या दोहोंची संधी करून तो बनला. केमन्स विल्सन नावाच्या गृहस्थास १९५१ साली मुलाबाळांसह वॉशिंग्टनच्या सहलीला जाताना प्रत्येक मुलामागे जादा आकार द्यावा लागला. संतापून त्याने पुढच्याच वर्षी मेंफिस येथे हॉलिडे इन काढले आणि मुलांस फुकट ठेवले. १९६२ मध्ये सांता बार्बरा येथे सहा डॉलरांत खोली देणारे मोटेल सिक्स निघाले, आणि २०२४ मध्ये ओयो या आपल्या देशातील कंपनीने ते विकत घेण्याचा सौदा केला. आज अमेरिकेतील निम्म्याहून अधिक हॉटेले भारतीय वंशाच्या मालकांच्या संघटनेच्या सभासदांकडे आहेत, आणि त्यांत गुजराती पटेलांचा वाटा फार मोठा. सुरतेकडील कानजीभाई मंछू देसाई यांनी १९४० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात लहानसे हॉटेल चालविण्यास घेतले आणि मागून येणाऱ्या प्रत्येक बांधवास तोच सल्ला दिला. बँक दारात उभे करीत नव्हती तेव्हा ज्ञातिबांधव केवळ शब्दावर एकमेकांस भांडवल देत. ज्ञातिसंस्था म्हणून आपण वर्षाकाठी एक स्नेहभोजन आणि गुणवंतांचा सत्कार करतो. या लोकांनी उपजीविका उभी केली. तुलना बोचरी आहे, पण ती करावयास हवी.

त्याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पटेलांच्या मोटेलांशेजारी ‘हे अमेरिकन मालकीचे आहे’ अशा पाट्या लागत. त्यापूर्वी तर काळ्या प्रवाशास शेकडो गावांत पैसे देऊनही खोली मिळत नसे. हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून अशा प्रवाशांस कोठे आसरा मिळेल याची पुस्तिका छापावयास आरंभ केला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हा भेद बेकायदा ठरला. अटलांटातील एका मोटेलमालकाने त्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेटाळले. क्षेत्राच्या ठिकाणी अमुक ज्ञातीसाठीच म्हणून राखलेल्या धर्मशाळांत आपले पूर्वज सुखाने निजले, हे हा इतिहास वाचताना आम्हांस आठवल्यावाचून राहात नाही.

आता गृहिणींच्या प्रश्नाकडे येतो. न्याहारी भाड्यातच देणारी पुष्कळ मध्यम हॉटेले आहेत. हॅम्प्टन इन आणि हॉलिडे इन एक्सप्रेस ही त्यांतली सर्वत्र आढळणारी. तेथे फळे, दूध, पाव, लापशी मिळतेच. चारपाच दिवसांहून अधिक मुक्काम असेल तर स्वयंपाकघरासहित खोली घ्यावी. एक्स्टेंडेड स्टे अमेरिका, रेसिडेन्स इन, कँडलवुड अशा नावांच्या हॉटेलांत शेगडी, शीतकपाट आणि भांडी असतात. भांडी कधी मागून घ्यावी लागतात. चौघांच्या दोन वेळच्या खाणावळीचा खर्च वाचला की थोडे जास्त भाडे सहज भरून निघते. फोडणी करताना शेगडीवरील पंखा अवश्य लावावा, कारण धुराची घंटा हिंग-मोहरीस ओळखत नाही. शेगडी नसलेल्या खोलीत स्वयंपाक करू नये, दंड होतो. आपल्याकडची विजेची किटली तेथे नेऊन उपयोग नाही, कारण तेथील विजेचा दाब सुमारे १२० व्होल्ट, आपल्या जवळजवळ निम्मा. प्लास्टिकचा एक हलका तांब्या मात्र सामानात टाकावा.

खोलीचे भाडे सामान्यतः खोलीमागे असते, माणशी नव्हे. दोन क्वीन पलंगांच्या खोलीत चौघे राहू शकतात. पाचव्यास लपवून नेऊ नये. एकट्याने जाणाऱ्या विद्यार्थ्यांस न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को येथील हॉस्टेलिंग इंटरनॅशनलच्या वसतिगृहांत पलंगापुरते भाडे भरून राहता येते. घरगुती खोल्या भाड्याने देण्याची जी पद्धत पसरली, तिच्यावर न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून कडक निर्बंध घातले. तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी आणि त्याचे घरात हजर असणे आवश्यक झाले. तेव्हा कोणी सबंध घर चार दिवसांसाठी स्वस्तात देऊ करील तर सावध असावे.

हॉटेलात पोहोचल्यावर कार्ड मागतात आणि भाड्याखेरीज काही रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर ती केवळ मर्यादेतून कमी दिसते. डेबिट अथवा आगाऊ भरलेले परकीय चलनाचे कार्ड दिले तर हातचा पैसाच अडकतो आणि सुटावयास कित्येक दिवस लागतात. तेव्हा घरातील कोणाचे तरी क्रेडिट कार्ड, आणि ज्याच्या नावाची खोली त्याच्याच नावाचे, बरोबर असावे. खोली दुपारी तीन-चारपूर्वी मिळत नाही. आपली विमाने पुष्कळदा सकाळीच उतरतात. अशा वेळी सामान कचेरीत ठेवावयास द्यावे, ते नाकारीत नाहीत, आणि हात-तोंड धुऊन बाहेर पडावे. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर आधी दूरध्वनी करून तसे कळवावे, नाहीतर आपण आला नाहीत असे समजून खोली दुसऱ्यास देण्याचा संभव असतो. आणि ‘पहिला मजला’ म्हणून चावी मिळाली तर जिना शोधू नये. तेथे तळमजल्यासच पहिला मजला म्हणतात.