बॅचलरला घर देणे आहे
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलं होतं, "काका, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा." टँकरच्या आणि पहिल्या गणपतीच्या आठवणी माझ्याआधी दोघांनी सांगून टाकल्या. म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल बोलतो, भाड्याच्या घराबद्दल.

बँकेत लागल्यावर माझी दुसरी बदली दौंडला झाली. लग्न व्हायचं होतं. स्टेशनच्या अलीकडे एका वाड्यात माडीवरची खोली मिळाली. मनमाडच्या गाड्यांना तेव्हा कोळशाची इंजिनं असायची, वाळत घातलेल्या शर्टावर काजळी बसायची. खोली मिळण्याआधी मात्र चार दारांतून परत आलो होतो. पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा लग्नाचा. शेवटी ज्या आजींनी खोली दिली, त्यांनी कारण सरळ सांगितलं, "बँकवाला आहेस, तीन वर्षांनी बदली होणारच." १९४७ च्या भाडेकायद्यामुळे एकदा आत आलेला भाडेकरू निघत नाही ही धास्ती तेव्हा प्रत्येक घरमालकाला असायची. म्हणजे मला खोली मिळाली ती मी चांगला होतो म्हणून नव्हे, मी जाणार होतो म्हणून!

पुढे शिरूरला आलो, तुमच्याबरोबर इथं फ्लॅट घेतला आणि हे सगळं विसरलो.

२००९ सालचा ठराव जुन्या सभासदांना आठवत असेल. "सोसायटीत फक्त कुटुंबांनाच भाड्याने जागा द्यावी." त्याला कारण घडलं होतं. एका फ्लॅटमध्ये रांजणगाव एमआयडीसीत काम करणारी सहा पोरं राहत होती, रात्री दोन वाजता गाणी, जिन्यात बाटल्या. तक्रारी खोट्या नव्हत्या. मी सेक्रेटरी होतो. ठरावाचा मसुदा माझा, अक्षरही माझं.

दोन वर्षांनी एक मुलगा आला. परभणीकडचा, कंपनीत नवीन लागलेला. बरोबर आई होती, हातात पिशवी. फ्लॅटमालक तयार होते. मी रजिस्टर काढून ठराव दाखवला आणि म्हणालो, "लग्न झालं की या." त्या बाई मला म्हणाल्या, "साहेब, लग्नाला मुलगी बघायला लोक येतील तर पोरगं राहतं कुठं म्हणून विचारतील की." मी हसलो. ते हसणं मला पुढं जड गेलं.

२०१२ मध्ये आमचा मुलगा नोकरीसाठी शिकागोला गेला. पहिले काही दिवस हॉटेलात. रोज रात्री फोन, "बाबा, घर मिळत नाही." कारण ऐकून मी चक्रावलो. त्याच्या नावावर कर्ज नव्हतं! तिकडे घरमालक क्रेडिट स्कोअर बघतो. कधी कर्ज काढलं नाही, कार्ड वापरलं नाही, तर स्कोअरच नाही. आमच्या बँकेत असा माणूस म्हणजे सोनं. तिकडे त्याची नोंदच नाही, म्हणून संशय. अर्ज भरायची फी प्रत्येक ठिकाणी वेगळी, ती परत मिळत नाही. करार वर्षाचा, मध्येच सोडलात तर भुर्दंड.

मग एका मालकीणबाईंनी विचारलं, "स्कोअर नाही तर नाही, पण आधीच्या घरमालकाचं पत्र आहे का?" तिकडे तशी पद्धत आहे. मुलगा आधी चिंचवडला दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिला होता. तिघेही बिनलग्नाचे. त्यानं तिथल्या काकूंना फोन केला. काकूंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: भाडं पाच तारखेच्या आत, आवाज नाही, घर सोडताना स्वच्छ केलं. त्याचा फोटो गेला आणि शिकागोचं घर मिळालं.

मी त्या रात्री झोपलो नाही. चिंचवडच्या काकूंकडे माझ्यासारखा सेक्रेटरी असता तर?

पुढच्या वर्षी आम्ही दोघं तिकडे राहून आलो. विटांची तीन मजली जुनी इमारत, फ्रिज आणि शेगडी घराबरोबरच, कपडे धुवायचं मशीन तळघरात, त्यात नाणी टाकायची. हिनं पहिल्याच दिवशी फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. कढीपत्ता आणायला डेव्हॉन अव्हेन्यू. डिसेंबरात बाहेर सगळं गोठलेलं, पण घरात उबदार. हीटिंग मालकाकडे असेल तर हिवाळ्यात दिवसा किमान ६८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे आपले २०, ठेवायचे हा शहराचा नियम. डिपॉझिटवर भाडेकरूला व्याज देण्याचाही नियम आहे. बँकवाला म्हणून मला तो फार आवडला.

आणि लग्न झालंय का, धर्म कोणता, देश कोणता यावरून घर नाकारायला त्या शहरात कायद्यानं बंदी आहे. हे सुखासुखी झालं नाही. काळ्या लोकांना चांगल्या वस्तीत घरं देत नाहीत म्हणून १९६६ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग स्वतः शिकागोच्या गरीब वस्तीत भाड्यानं राहायला गेले. एप्रिल १९६८ मध्ये त्यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात घरांच्या भेदभावाविरुद्ध अमेरिकेचा कायदा झाला. आजही तिकडे लोक पळवाटा काढतातच, माणसं इथून तिथून सारखीच. पण निदान रजिस्टरमध्ये लिहून कोणी नाकारत नाही. मी लिहून नाकारलं होतं.

आता दौंडच्या आजींची धास्तीही उरलेली नाही. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मुदत संपली की जागा परत मिळवायची सोय त्याच कायद्यात आहे. करार रजिस्टर करा, पोलीस स्टेशनला कळवा, सोसायटीला प्रत द्या. भोगवटा नसल्याचा आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, हे खजिनदारांनीही लक्षात ठेवावं. (हशा) गोंगाटाचं म्हणाल तर रात्री दहानंतर आवाज नको हा नियम सगळ्यांनाच लावा. मागच्या नवरात्रात स्पीकर कोणाच्या घरचा होता ते मी सांगत नाही, ते कुटुंबवत्सल आहेत.

येत्या सर्वसाधारण सभेत २००९ चा ठराव रद्द करण्याचा प्रस्ताव मी लेखी दिला आहे. मसुदा माझा, अक्षर माझंच, आता थोडं थरथरतं. तुम्ही विरोधात मत दिलंत तरी मला राग नाही.

मुलासाठी घेतलेला बी विंगमधला आमचा फ्लॅट चार वर्षं बंद आहे. तो एमआयडीसीतल्या दोन मुलांना द्यायचा विचार आहे. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर पाठवा. गीझर चालू आहे, मोरीच्या नळाचा वायसर तेवढा बदलायचाय. किल्ली माझ्याकडेच आहे, दुपारी दोन ते चार सोडून कधीही या.