पाणी आणि पानी

मायबापहो, कीर्तन संपलं की माणसं भेटायला येतात आणि बोलता बोलता एक वाक्य हमखास म्हणतात, "महाराज, आम्ही खेड्यातले, आमची भाषा अशुद्ध." सेनगावला ऐकलं, औंढ्याला ऐकलं, वसमतकडंही तेच. तेव्हा हा 'अशुद्ध' शब्द जरा उघडून पाहू.

आपल्याकडं म्हणतात, तो करायला, ती करायली, ते करायले. औंढ्याच्या बाजारात कुणी "ती करायला" असं बोलून पाहावं, शेंबडं लेकरूसुद्धा हसेल. म्हणजे इथं नियम आहे. तुम्ही तो शाळेत शिकला नाहीत, आईच्या मांडीवर शिकलात. पुण्याचा पाहुणा घरी येतो, सून सांगते, "बाबा जेवायले." पाहुणा विचारतो, "जेवायला कुठं गेले?" बाबा तर आत ताटावर बसलेले! यात सुनेचं काही चुकलेलं नाही. पाहुण्याला इथला नियम माहीत नाही, एवढंच.

आता चूक कशाला म्हणायची? सप्ताहाचा फ्लेक्स बघा. 'किर्तन' लिहिलेलं असतं, ऱ्हस्व. ही काही हिंगोलीची बोली नाही. शब्द कीर्ती, कीर्तन; की दीर्घच. त्याच्याखाली 'दिनानाथ'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. दिवसाचा नाथ म्हटलं तर सूर्य झाला, आणि आपण हात जोडतो ते गरिबाच्या नाथाला. कर्ण हा कुंतीचा सुत. त्याला वाढवणारा अधिरथ सूत, म्हणजे सारथी. एका उकारावर कर्णाचं सगळं दुःख उभं आहे!

शास्त्रात त्वष्ट्याची कथा आहे. इंद्राला मारणारा पुत्र हवा म्हणून त्यानं यज्ञ मांडला. 'इंद्रशत्रु' हा शब्द म्हणताना स्वर चुकला आणि 'इंद्राचा शत्रू' याऐवजी 'इंद्र ज्याचा शत्रू' असा अर्थ झाला. वृत्र जन्मला, पण इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींनी महाभाष्यात हे उदाहरण दिलंय. म्हणून महाराज लोक पाठाला जपा म्हणतात, ते उगीच नाही.

पण मग बोलीवालं कोण चुकलं? इथं आपल्या पैठणच्या नाथांकडं बघा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढं तीनशे वर्षं हातानं नकला होत गेल्या आणि त्यांत अपपाठ शिरले. शके १५०६ ला, म्हणजे १५८४ साली, नाथांनी पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. किती कडक! आणि याच नाथांनी भारुडं लिहिली. त्यात जोशी येतो, गोंधळी येतो, वासुदेव येतो, आणि जो तो आपल्या तोंडच्या बोलण्यानं बोलतो. हिंदू-तुर्क संवाद लिहिला तर तुर्काच्या तोंडी त्याची बोली दिली. नकलणाऱ्याची चूक नाथांनी खपवून घेतली नाही, आणि बोलणाऱ्याचं तोंड त्यांनी बदललं नाही. काम एकाच माणसाचं, मायबापहो.

हे सांगायचं कारण आहे. एका गावात सप्ताहाला एक आजी पहिल्या रांगेत बसायची. गळा असा, की टाळकऱ्यांनी मागं राहावं. एका वर्षी ती आली, पण गप. नुसते ओठ हलत होते. विचारलं तर म्हणाली, "महाराज, नातू म्हनतो आजी पाणी म्हन, पानी नगं. सगळे हासतेत. महं बोलनं अशुद्ध हाय म्हनं." नातू शिकलेला, स्वभावानं वाईट नाही. त्याला जवळ बसवून विचारलं, "बाळा, चाडं म्हणजे काय? सरतं म्हणजे काय?" त्याला येईना. आजीनं तिफणीपुढं हात धरून दोन्ही दाखवले. जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या ते त्या घरात कुणी मोजलं नव्हतं. एका 'न'साठी त्या सगळ्या बंद झाल्या होत्या.

या म्हाताऱ्यांना शाळा कुठं होती हो? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू, हैदराबादचं विद्यापीठसुद्धा उर्दूतून शिकवायचं. मराठी टिकली ती जात्यावर आणि देवळात. जिनं ती टिकवली तिलाच आपण अशुद्ध म्हणायचं?

आपल्या कयाधूकाठच्या नरसीचे नामदेवराय. त्यांचे शब्द पंजाबात गेले, गुरुमुखी लिपीत लिहिले गेले, ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. नरसीला तिकडचे भाविक येतात. त्यांची मराठी ऐका, आपली पंजाबी त्यांना ऐकवा, मग कोण कुणाला हसणार ते ठरवा!

तर दोन कामं सांगतो. सप्ताहाची पत्रिका छापायला देण्याआधी गावातल्या गुरुजींकडून तपासून घ्या. कीर्तनाचा की दीर्घ, दीनानाथाचा दी दीर्घ. हरिपाठ छापील पाठाप्रमाणे म्हणा. आणि घरात आजी असेल तर वही घेऊन तिच्यापुढं बसा. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतसुद्धा, पात्राच्या तोंडचं बोलणं 'असं केलं' असंच लिहायला मोकळीक आहे. मग ती पानी म्हणाली तर पानीच लिहा, सुधारू नका. वर तिचं नाव, माहेरचं गाव, तारीख घाला. यंदाच्या काल्याला ती वही घेऊन या.

रामकृष्ण हरी.