अस्वल पाहावे, पण कसे?

श्रोतेहो, माझ्या लहानपणी आमच्या गावात वर्षातून एकदा तरी दरवेशी यायचा. डमरूचा आवाज कानी आला की आमची अर्धी शाळा रिकामी. अस्वलाच्या नाकात दोरी ओवलेली, तोंडाला मुसके बांधलेले. दोरीला हिसका बसला की ते बिचारे मागच्या पायांवर उभे राहायचे. भित्र्या मुलांना त्याच्या पाठीवर बसवीत, त्याचा एखादा केस ताइतात घालून पोरांच्या गळ्यात बांधीत. आम्ही पोट धरधरून हसायचो. ते नाचत नव्हते, नाकाला कळ लागली म्हणून पाय उचलीत होते, हे समजायला मला पुष्कळ वर्षे लागली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला आसरा दिला. पण रस्त्यावरचा तो खेळ आपल्या देशातून जवळजवळ पुरता थांबायला २००९ साल उजाडावे लागले. ज्यांचे पोट त्या खेळावर होते त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून द्यावा लागला, तेव्हा कुठे ते साधले. आता अस्वल पाहायचे तर आपणच त्याच्या घरी जायचे. आणि दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कसे वागावे, हे काय तुम्हांला मी सांगायला हवे? पण माझी स्वतःचीच एकदा चूक झाली, म्हणून बोलतो.

तीन-चार वर्षांपूर्वी मार्चअखेरीस सहा विद्यार्थ्यांना घेऊन मी ताडोबाला गेलो होतो. मुख्य जंगलाभोवती बफर क्षेत्र म्हणून एक पट्टा आहे. तेथे जनावरेही आहेत आणि माणसांची गावेही आहेत. पहाटे उघड्या जीपमधून निघालो. बरोबर मार्गदर्शक म्हणून जवळच्याच गावचा एक तरुण. एका वळणावर त्याने हात वर केला आणि गाडी थांबली. रस्त्यापासून बऱ्याच अंतरावर एक अस्वलीण वारूळ उकरीत होती आणि तिची दोन पिल्ले शेजारी लोळत होती.

श्रोतेहो, ते दृश्य ऐकण्यासारखेही असते बरे का! अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. ते आधी फुंकर मारून माती उडवते, नाकपुड्या मिटून घेते आणि लांब ओठांची नळी करून वाळवी ओढून घेते. लोहाराच्या भात्यासारखा तो आवाज शंभर पावलांवरूनही ऐकू येतो. इंग्रजीत याला 'स्लॉथ बेअर', म्हणजे आळशी अस्वल म्हणतात. अठराव्या शतकातल्या युरोपीय पंडितांनी लांब नखे पाहून याला अमेरिकेतल्या 'स्लॉथ' नावाच्या संथ प्राण्याचा भाऊबंद ठरवले, त्याचे हे फळ. वास्तविक हे अस्वल मनात आणील तर कोणत्याही माणसाला धावण्यात मागे टाकील.

आमच्या मुलांना ते काही नीट दिसेना. मी मार्गदर्शकाला म्हणालो, "अहो भाऊ, गाडी थोडी पुढे घ्या ना."

"सर, इथंच राहू द्या. तिचं पोट भरू द्या," तो म्हणाला.

मी ऐकले नाही. शहरातून इतका खर्च करून आलो, हे मनात होते. चालकाने माझ्या शब्दाखातर गाडी पुढे घेतली. त्याबरोबर भात्याचा आवाज थांबला. अस्वलिणीने मान वर केली.

"थे आपला वास घेऊन राह्यली, सर. आता कोणी हलू नका."

क्षणभराने ती हुंकारली. पिल्ले झटकन तिच्या पाठीवरच्या दाट केसांत शिरली आणि ती उतारावरून नाल्याकडे धावत सुटली. आम्ही खूश! पण ज्याने आम्हांला पहाटेपासून गप्प बसवले होते, तोच मार्गदर्शक सीटवर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडू लागला, "ओ माय! अस्वल उतरलं नाल्यात! साऱ्या एका जागी व्हा!" खालून बायकांचा कालवा उठला, डबे वाजू लागले. हळूहळू तो आवाज गावाच्या बाजूला गेला.

मग खाली बसून तो एवढेच म्हणाला, "माही माय हाये तिकडं. मोह वेचून राह्यली."

त्या दिवशी कोणाला काही झाले नाही. पण परतीच्या वाटेवर मला त्या मुलाकडे पाहवेना.

विचार करा. मोहाची फुले पहाटे गळतात. ती माणसाला हवी असतात आणि अस्वलालाही. बाई खाली वाकलेली, अस्वलही खाली वाकलेले. अस्वलाचे नाक तिखट, पण नजर कमजोर. शिवाय खाण्याच्या आवाजात त्याला पावलाची चाहूल लागत नाही. दोघे एकदम समोरासमोर येतात. वाघ-बिबट्यांच्या रानात पिल्ले वाढवणाऱ्या या जनावराला पळण्यापेक्षा अंगावर धावून जाणेच ठाऊक. अस्वल गुदगुल्या करून मारते, असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. त्याच्या नखांनी ज्याचा चेहरा फाटला, त्याच्यासमोर तो शब्द उच्चारून पाहा! तेव्हा जीपमधल्या पाहुण्याने बिथरवलेल्या अस्वलाची गाठ पडते ती पायी चालणाऱ्या गावकऱ्याशी. चूक एकाची आणि किंमत दुसऱ्याला.

अमेरिकेत अलास्का प्रांतात मॅकनील नदीवर १९६७ पासून अस्वलांसाठी अभयारण्य आहे. मासे धरायला तेथे डझनावारी तपकिरी अस्वले जमतात. पाहणारे मात्र एका वेळी दहाच, आणि तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले. बरोबर वाटाड्या, बसायची जागा ठरलेली. तेथली अस्वले माणसाला सरावली आहेत आणि त्याने काही बिघडत नाही, कारण शेजारी गाव नाही. आपल्याकडे अस्वल माणसाला सरावले, तर ते उद्या खरकट्याच्या वासाने अंगणात येईल. म्हणून आपल्या रानात त्याला बिथरवायचे नाही आणि लळाही लावायचा नाही.

मग पाहायचे कसे? मोजपट्टी नको, एकच खूण ध्यानात ठेवा. अस्वल खाणे थांबवून मान वर करील, तर समजावे की आपण फार जवळ आलो. मागे सरावे. त्याची पुढची वाट मोकळी ठेवावी. दोन गाड्यांच्या मध्ये त्याला कधीही कोंडू नये. पिल्ले असतील तर अधिक लांबून पाहावे आणि लवकर निघावे. खाली उतरू नये, शीळ घालू नये. केळीची साल किंवा बिस्किटाचा तुकडाही टाकू नये. आणि मार्गदर्शक 'पुरे' म्हणाला की पुरे. त्याला जास्त पैसे देऊन जवळ नेण्याचा आग्रह करणे, म्हणजे त्याच्याच घरच्यांवर संकट ओढवणे.

रानालगतच्या माझ्या बंधुभगिनींनो, मोह वेचायला एकटे जाऊ नका. दिसू लागल्यावर जा, बोलत जा, काठी आपटीत जा. अस्वल दूर असेल तर त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरा. अंगावर आलेच, तर पालथे पडून मान दोन्ही हातांनी झाकून घ्या.

शिक्षक मित्रहो, दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट आपण मुलांना हमखास सांगतो. एक झाडावर चढला, दुसरा श्वास रोखून पडून राहिला. पुढच्या वेळी एवढे जोडा, की आपले अस्वल मधासाठी उंच झाडावरही चढते. आणि मुलांना विचारा, 'ते अस्वल तिथे काय करीत होते? घर कोणाचे होते?'

मी पुन्हा ताडोबाला गेलो. योगायोगाने मार्गदर्शकही तोच. पुन्हा अस्वल दिसले, लांबून, झुडपांत, निम्मेअर्धेच. अर्धा तास आम्ही तो भाता ऐकत बसलो. त्याने एकदाही मान वर केली नाही. निघताना तो तरुण हसून म्हणाला, "आज बराबर पाह्यलं, सर."