जाडं ऑइल घातलं की मशीन टिकतं?

बडोद्यात गोत्रीहून रोज सकाळी दुचाकीवरून मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना ऑइल दोन ठिकाणी भेटतं, गाडीच्या इंजिनात आणि कारखान्यातल्या मशीनमध्ये. सल्ला मात्र दोन्हीकडे एकच मिळतो: "जरा जाडं घाला, मशीन टिकेल." हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो.

घासणाऱ्या दोन धातूंमध्ये ऑइलचा थर टिकला पाहिजे, हे खरं. पण सकाळी किक मारली की जाडं ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा चढतं, आणि झीज त्याच वेळी जास्त होते. कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलेलं असताना त्याहून जाडं २०डब्ल्यू-५० घातलं, तर पेट्रोलही जास्त लागतं.

खरा घोळ आकड्यांचा. इंजिन ऑइलचं ४०, गिअर ऑइलचं ९० आणि हायड्रॉलिक ऑइलचं ६८ हे तीन वेगवेगळ्या मापांतले आकडे आहेत. ९० नंबरचं गिअर ऑइल प्रत्यक्षात ४० किंवा ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. हायड्रॉलिकचा ६८ हा आकडा ४० अंश सेल्सिअसला मोजलेला. ते ऑइल साधारण २० नंबरच्या इंजिन ऑइलजवळ जातं. म्हणजे ६८ हे ४० पेक्षा पातळ! डब्यावरचा नुसता आकडा पाहून हायड्रॉलिक प्रेसमध्ये इंजिन ऑइल ओतणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

मोटरसायकलचा क्लच बहुधा इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिथे डब्यावर 'जासो एमए' हे मानक लिहिलेलं हवं. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. गिअर नसलेल्या स्कूटरला 'एमबी' चालतं.

आणि ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका. त्यातली रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं दिसतं. बदलायचं ते मॅन्युअलमधल्या किलोमीटरप्रमाणे किंवा मुदतीप्रमाणे, रंग पाहून नव्हे.

आता हे ऑइल येतं कुठून आणि जातं कुठे, तेही पाहा. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आपल्या शेजारी आहे, तरी ल्युब्रिकंटचं मूळ तेल, म्हणजे बेस ऑइल, वर्षानुवर्षं मुंबईचं माहूल, हल्दिया, चेन्नई इथल्या रिफायनऱ्यांतून येत आलं. इतक्या लांबून आलेलं हे ऑइल वापरून झालं की बरेचदा गटारात किंवा सेंटरिंगच्या फळ्यांवर जातं. खरं तर ते शुद्ध करून पुन्हा बेस ऑइल बनवता येतं. तेव्हा गॅरेजवाल्यांनो, काढलेलं ऑइल वेगळ्या पिंपात साठवा आणि परवानाधारक रिसायकलरलाच द्या.